फोटोत मावेल तेवढंच बेट: पर्यटन मंडळांना आणि रिसॉर्टच्या जाहिरात विभागांना खुलं पत्र

उष्ण कटिबंधातल्या बेटांची पर्यटन मंडळं, तिथल्या रिसॉर्टचे जाहिरात विभाग आणि त्यांच्यासाठी कॅमेरा हातात घेणारे सगळे, यांस

सप्रेम नमस्कार.

प्रवासविषयक मजकुरासाठी फोटो निवडणं हे माझं रोजचं काम. तुम्ही पाठवता ते फोटो माझ्याइतके निरखून पाहणारं माणूस फार कमी असेल. आणि तरीही, बेटाचं नाव झाकलं तर हा मालदीवचा, हा बहामाजचा, हा फिलिपिन्सचा असं छातीठोकपणे सांगणं मलाही जमत नाही. पाण्यावर झुकलेला एक माड, पाऊलही न उमटलेली वाळू, फिरोजी पाण्यात घुसलेला लाकडी धक्का आणि धक्क्याच्या टोकाशी मोठ्या टोपीतली पाठमोरी बाई. हिंद महासागर, कॅरिबियन आणि पॅसिफिक यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे. भाषा निराळ्या, धर्म निराळे, इतिहास तर पारच निराळे. फोटो मात्र एकच.

नुसता तोचतोचपणाच खुपत असता तर पत्र लिहायचे कष्ट घेतले नसते. जाहिरात आहे म्हटल्यावर ती चांगलंच दाखवणार, हे कळण्याइतकं शहाणपण वाचकांकडेही असतं. पण साबणाच्या जाहिरातीमुळे साबण बदलत नाही; बेट मात्र तुमच्या फोटोमुळे बदलतं. फोटो आधी ठरतो आणि त्या मापानं बेट कापून-छाटून बसवलं जातं. झाडं उपटली जातात, नवी लावली जातात, माणसं हलवली जातात, नाचाची वेळसुद्धा बदलली जाते. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

हे काही इन्स्टाग्रामच्या काळातलं खूळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जमैका म्हटलं की ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला पीतज्वर आठवायचा. तिथे हवापालट करायला जा, असं कुणी कुणाला सांगत नसे. मग 1891 मध्ये किंगस्टनला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. केळी घेऊन उत्तरेला जाणाऱ्या बोटींवर प्रवाशांसाठीही जागा असतात, हे फळकंपन्यांच्या ध्यानात आलं. युनायटेड फ्रूट कंपनी तर पुढे केळी आणि पर्यटक एकाच जहाजातून नेऊ लागली. आता बेटाची बदनामी धुऊन काढायची होती आणि ते काम कॅमेऱ्याकडे आलं. जेम्स जॉन्स्टन नावाचे डॉक्टर-मिशनरी जमैकाचे फोटो मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, दाखवत परदेशात व्याख्यानं देत. बहामाजमध्ये नासाऊत जेकब कूनली यांचा स्टुडिओ होता. या काळातले फोटो पाहिले तर त्यातली शिस्त आधी डोळ्यांत भरते: आखीव रस्ते, रांगेतले माड, डोक्यावर टोपली घेऊन निमूट उभ्या असलेल्या बाजारकरणी. घाबरू नका, इथलं रान आणि इथली माणसं दोन्ही माणसाळलेली आहेत, असं ते फोटो गोऱ्या प्रवाशाला सांगत होते. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पन्नास-साठ वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की त्या निमूटपणाचा अर्थ आणखी नीट कळतो.

त्या फोटोंतली झाडंही पाहण्यासारखी आहेत. ज्या माडाशिवाय कॅरिबियन बेटाचा फोटो पुरा होत नाही, तो माड मुळी तिथला नव्हे. सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांबरोबर तो अटलांटिकच्या त्या बाजूला गेला. विलायती फणस कॅप्टन ब्लाय यांनी 1793 मध्ये ताहितीहून आणला. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला काहीतरी हवं होतं म्हणून. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. हवाईच्या गळ्यातल्या हारात जो चाफा हटकून दिसतो, तो मूळचा मध्य अमेरिकेकडचा. हवाईत तो एकोणिसाव्या शतकात पोचला. झाडांवर माझा राग नाही, ती कुठेही रुजोत बिचारी. पण याच झाडांच्या चौकटीत तुम्ही ‘माणसाचा हात न लागलेलं बेट’ असं लिहिता तेव्हा हसू येतं. ज्या उसासाठी ही बेटं मुळापासून उकरली गेली, जंगलं तुटली, आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणली गेली, तो ऊस तुमच्या फोटोत मी आजवर पाहिलेला नाही.

बेट फोटोच्या मापानं कापलं जातं म्हणजे काय, याचं सर्वांत उघडंनागडं उदाहरण थायलंडमधल्या माया बे या खाडीचं. फी फी ले बेटावरची ही पुळण मुळातच देखणी. तरी 1999 मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाच्या मंडळींना ती पुरेशी ‘उष्ण कटिबंधीय’ वाटली नाही. त्यांनी वाळूच्या टेकड्यांवर यंत्रं फिरवली, तिथली वाळू धरून ठेवणारी झाडंझुडपं काढली आणि माड आणून लावले. खऱ्या बेटाला खोट्या बेटासारखं दिसायला लावलं! त्यावरून सुरू झालेला खटला थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयात 2022 मध्ये निकाली निघाला. दरम्यान त्या चित्रपटातली खाडी पाहायला जग लोटलं. दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं त्या चिमुकल्या पुळणीवर उतरू लागली. बोटींच्या नांगरांनी आणि गर्दीनं प्रवाळाची दशा झाली आणि जून 2018 मध्ये खाडी बंद करावी लागली. जानेवारी 2022 मध्ये ती उघडली ती कडक नियमांसह: बोटी खाडीत शिरायच्या नाहीत, मागच्या बाजूनं उतरून चालत यायचं. माणसं नव्हती त्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. गंमत अशी की आता त्या शार्कचेच फोटो जाहिरातीत वापरले जातात.

फिलिपिन्सच्या बोराकायचंही तेच. पांढऱ्या वाळूचे फोटो वर्षानुवर्षं छापून येत राहिले आणि सांडपाणी समुद्रात जात राहिलं. शेवटी 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने अख्खं बेट पर्यटकांना बंद केलं गेलं. बंदीच्या आदल्या महिन्यातही तुमच्या लोकांकडून आलेल्या फोटोंत पाणी काचेसारखंच होतं.

मालदीवच्या रिसॉर्टच्या फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे हा प्रकार पाण्याखाली चालतो आणि सहसा कुणाला दिसत नाही. वरून ड्रोननं फोटो काढला की उथळ पाण्यात गडद हिरवे-काळे पट्टे दिसतात. ते समुद्रगवत. तुमच्या बोलीत त्याला ‘डाग’ म्हणतात. एका रिसॉर्टच्या पत्रव्यवहारात ‘स्वच्छ केलेलं लगून’, म्हणजे बेटालगतचं उथळ पाणी, असा शब्द मी वाचलेला आहे. स्वच्छ म्हणजे गवत उपटून काढलेलं. समुद्रकासवं हे गवत चरतात, माशांची पिल्लं त्यात लपून वाढतात, आणि गवताची मुळं वाळू घट्ट धरून ठेवतात. गवत गेलं की वाळू सुटते. मग किनारा झिजतो आणि पंपानं ओढून आणलेली वाळू त्यावर ओतावी लागते. आणि ही वाळू तरी येते कुठून? तिथल्या पांढऱ्या वाळूचा मोठा हिस्सा पोपटमाशांच्या पोटातून आलेला असतो. हा मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो, त्यातलं चुनखडं दळतो आणि बारीक वाळू म्हणून बाहेर टाकतो. म्हणजे फोटोतली ती मऊ पुळण जिवंत प्रवाळ आणि धडधाकट मासे यांच्यावर उभी आहे. एवढं कळल्यावर ‘डाग’ काढायला माणसं लावणाऱ्याला काय म्हणावं? 2019 मध्ये मालदीवमध्येच समुद्रगवत वाचवण्यासाठी मोहीम झाली आणि काही रिसॉर्टनी गवत न काढण्याचं जाहीर केलं, हे इथे मोकळेपणानं नोंदवते. त्यांचे फोटो मी मुद्दाम शोधून पाहिले. पाण्यातले गडद पट्टे तसेच आहेत आणि फोटो मुळीच वाईट नाहीत.

आता रिकाम्या वाळूकडे येते. किनाऱ्यावर माणूस नाही, यात छायाचित्रकाराचं कसब थोडं आणि धोरण जास्त असतं. मालदीवमध्ये पर्यटन 1972 मध्ये कुरुम्बा या रिसॉर्टपासून सुरू झालं. रिसॉर्ट उभारायचं ते वस्ती नसलेल्या बेटावर, एका बेटावर एकच, असा शिरस्ता पडला. वस्तीच्या बेटांवर पर्यटकांसाठी गेस्टहाउस काढायला 2009 नंतरच वाट मोकळी झाली. म्हणजे जवळपास चार दशकं बहुतेक पाहुणे विमानतळावरून बोटीत बसून थेट फोटोत जात होते. त्याच देशाची राजधानी माले दोनेक चौरस किलोमीटरच्या बेटावर वसलेली आहे; तिथे लाखाहून जास्त माणसं दाटीवाटीनं राहतात. जवळच तिलाफुशी आहे, कचऱ्याच्या भरावानं वाढवलेलं बेट. रिसॉर्टचा कचराही तिथेच जातो आणि कित्येक वर्षं तो उघड्यावर जाळला जात होता. मालेचे आणि तिलाफुशीचे फोटो जाहिरातीत टाका, असा वेडगळ हट्ट मी धरणार नाही. पण त्या रिकाम्या पुळणीची जागा कुणीतरी राखून ठेवली आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

एकदा एका रिसॉर्ट समूहाकडे मी बेटावर काम करणाऱ्या माणसांचा फोटो मागितला. लेख तिथल्या कामगारांबद्दल होता. चार वेळा मेल केल्यावर एक फोटो आला. त्यात शहाळं ठेवलेलं तबक होतं आणि ते धरणारे दोन हात. कोपरापर्यंत. पांढऱ्या बाहीची कड, स्वच्छ नखं, मनगटावर घड्याळाचा फिकट पट्टा राहिलेला, म्हणजे फोटोसाठी घड्याळ काढायला लावलं असावं. चेहरा मागितला तर उत्तर आलं की चेहऱ्यामुळे पाहणाऱ्याचं लक्ष विचलित होतं. हे उत्तर लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

चेहरा दिसतो तेव्हाही तो बहुतेक देखाव्याचा भाग असतो. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेलिगामा-कोग्गला भागात, समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारे मासेमार तुम्ही शेकडो वेळा दाखवले आहेत. प्राचीन परंपरा असं त्याखाली लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ही पद्धत फार जुनी नाही, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास सुरू झालेली आहे. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या 1995 च्या फोटोनं ती जगभर पोचली. 2004 च्या त्सुनामीनं किनारा उद्ध्वस्त केला. आज त्या खांबांवर बसलेल्यांपैकी अनेक जण मासे नव्हे तर पर्यटक पकडतात. फोटो काढलात तर पैसे द्या, नाहीतर ते तोंड फिरवतात. यात मला त्यांची फसवेगिरी दिसत नाही. मासळीपेक्षा फोटोचे पैसे जास्त मिळत असतील तर त्यांनी दिवसभर मिठाच्या पाण्यात पाय सोडून उपाशी का बसावं? फक्त त्याखाली ‘मासेमारीत मग्न कोळी’ असं लिहू नका. तो माणूस तेव्हा मॉडेल म्हणून काम करत असतो, आणि मॉडेलला मोबदला असतो, नाव असतं.

हाच धागा हवाईत अधिक स्पष्ट दिसतो. हुला हा नाच तिथल्या देवांच्या आणि वंशावळींच्या गाण्यांशी बांधलेला. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली 1830 मध्ये त्यावर बंदी आली. राजा कालाकाउआनं 1880 च्या दशकात त्याला पुन्हा मानानं उभं केलं. पर्यटक आले तेव्हा नाच संध्याकाळी होत असत आणि त्या काळच्या फिल्मला संध्याकाळचा उजेड पुरत नसे. मग 1937 मध्ये वायकीकीला, कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्या नावानं, कोडॅक हुला शो सुरू झाला. भर उजेडात, फोटो काढायला सोयीचा, प्रवेश फुकट. कंपनीची फिल्म खपली की झालं. शेवटी नर्तकी एकेक अक्षर उंच धरून बेटाचं नाव तयार करत, म्हणजे फोटो कुठला हे घरी गेल्यावर विसरायला नको. हा कार्यक्रम 2002 पर्यंत चालला. त्यात नाचणाऱ्या बायकांना कमाई झाली, काहींनी तो अभिमानानं सांभाळला, आणि नाच पुरता बुडाला असंही नाही. हवाईतल्या माणसांनी तो आपल्या शाळांमधून जपला. तरी कॅमेऱ्याच्या सोयीसाठी एका समाजाच्या नाचाची वेळ बदलते, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

पाण्यावरची गवती छपराची झोपडी घ्या. बघणाऱ्याला वाटतं पॉलिनेशियातलं वडिलोपार्जित घर. ती कल्पना 1967 च्या सुमारास तीन अमेरिकन हॉटेलवाल्यांनी रायातेआ बेटावर काढली; त्यांच्या हॉटेलला धड पुळण नव्हती म्हणून. आज मालदीवपासून मेक्सिकोपर्यंत ती ‘पारंपरिक’ म्हणून उभी आहे. धंद्याची अक्कल म्हणून मी तिला दाद देते, परंपरा म्हणून नाही.

बालीतल्या लेम्पुयांग देवळाच्या दाराशी जे चालतं ते तर तुम्हाला माहीतच असेल. दोन दगडी कमानी, मागे आगुंग पर्वत आणि पुढे तळ्यात पडलेलं प्रतिबिंब. तळं नाहीच. फोटो काढणारा मोबाइलखाली आरशाचा तुकडा धरतो. त्या एका फोटोसाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात आणि देऊळ न पाहता उतरतात. याचा दोष सगळा तुमच्या माथी मारत नाही. पण बेटाचा फोटो कसा ‘असायला हवा’ ते प्रवाशाला तुम्हीच शिकवलं आहे. आता तो तुमचंच काम फुकटात पुढे नेतोय.

झांझिबारच्या पाजे किनाऱ्यावर समुद्र ओहोटीला फार दूर जातो. त्या उघड्या पडलेल्या चिखल-वाळूत 1989 पासून समुद्रशेवाळाची शेती होते आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका. खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, शेवाळाचे तुकडे एकेक करून बांधायचे, वाढलं की कापून डोक्यावरून वाहून आणायचं आणि वाळवायचं. पाठ वाकवून तासन्‌तास. पाणी तापू लागल्यापासून जास्त भाव मिळणारी जात मरते, म्हणून त्यांना खोल पाण्यात जावं लागतं, आणि त्यातल्या अनेकींना पोहता येत नाही. तुमच्या फोटोंत या किनाऱ्यावर कायम भरती असते. शेती दिसलीच तर लांबून, रंगीत कांगा नेसलेल्या आकृती म्हणून. ओहोटीचा फोटो पाठवला असता तर पाहुणा पोचल्यावर ‘समुद्र कुठे गेला’ म्हणून तुमच्याच स्वागतकक्षाशी भांडला नसता, हा व्यावहारिक मुद्दाही जाता जाता सांगून ठेवते.

दुसऱ्या बाजूलाही एक साचा तयार झाला आहे, तो बुडणाऱ्या बेटाचा. बातम्यांत आणि देणग्यांच्या आवाहनांत तेच माड, तीच वाळू, फक्त आभाळ करडं आणि एक एकटं पोर पाण्यात उभं. स्वर्ग नाहीतर शोकसभा, मधलं काही नाहीच. बेटावरच्या माणसांना या दोन्हींची पुरती जाण आहे. मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी 17 ऑक्टोबर 2009 रोजी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली. पॅसिफिकमधल्या तुवालू या देशाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे 2021 मध्ये हवामान परिषदेसाठी सूटटाय घालून बोलले. आधी नुसता मंत्री दिसतो, मग कॅमेरा मागे येतो आणि ते गुडघाभर समुद्रात उभे असल्याचं दिसतं. निळ्या पाण्याचं तेच चित्र, पण कशासाठी वापरायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. अनेक बेटांचं पोट पर्यटनावर चालतं. करोनात विमानं थांबली तेव्हा त्यांचे कसे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून फोटो थांबवा असं मी म्हणत नाही. मागणं एवढंच आहे की फोटोसाठी बेट कापू नका. गवत असेल तर दिसू द्या. माड नसतील तर लावू नका. तळं नसेल तर आरसा धरू नका. फोटोत माणूस असेल तर त्याची परवानगी घ्या, नाव लिहा आणि पैसे द्या. बाहेरून चार दिवसांसाठी येणाऱ्या छायाचित्रकाराला जेवढं मानधन देता तेवढंच त्याच बेटावर राहणाऱ्याला देऊन पाहा. भरती कधी, पाऊस कधी, शेवाळवाल्या बायका कुठल्या वेळी येतात आणि त्यातल्या कुणाला फोटो आवडत नाही, हे त्याला विचारावं लागत नाही. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशानं डिसेंबर 2017 पासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर, तिथल्या मुलांना उद्देशून लिहिलेल्या, बेटं जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारायला सुरुवात केली आणि पाहुण्याची सही घेतली. पाहुण्यांनी त्यामुळे पाठ फिरवली नाही.

आणि एक माझ्या कामापुरतं. यापुढे फोटो पाठवाल तेव्हा सोबत चार ओळी हव्यात: महिना आणि वेळ, भरती की ओहोटी, चौकटीतून काय हलवलं किंवा नंतर काय पुसलं, आणि त्यात दिसणाऱ्या माणसाचं नाव, त्याची हरकत नसेल तर. फोटो यंत्रानं तयार केलेला असेल तर तेही लिहा. असे फोटो आता बरेच येतात आणि त्यात माडाच्या झावळ्या मोजल्या तर कळतं. ही माहिती फोटोखाली छापायची माझी तयारी आहे. ज्या फोटोसोबत ती नसेल तो मी निवडणार नाही.

ओहोटीचे, पावसाचे, कामाच्या वेळचे फोटोही पाठवा. जागा मिळवून देण्याची जबाबदारी माझी.

आपली,
फोटो निवडणारी एक संपादक